वाचक विचारतात : १७७५ च्या एप्रिलमधले घोडेस्वार

मंगळवार, १८ एप्रिल १७७५ च्या रात्री ब्रिटिश फौज बोस्टनहून बाहेर पडली आणि तिच्या आगमनाची वर्दी देण्यासाठी मॅसॅच्युसेट्समधील रस्त्यांवरून घोडेस्वार दौडले. दुसऱ्या दिवशी लेक्सिंग्टन आणि काँकर्ड येथे गोळ्या झडल्या व अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाला तोंड लागले. या स्वारांविषयी आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रे जोडून घेतली आहेत, याची पत्रलेखकांनी नोंद घ्यावी.

प्रश्न : पॉल रिव्हिअर हा एकटाच रात्रभर घोडा फेकत काँकर्डपर्यंत गेला आणि त्याने सारा मुलूख जागा केला, असे आम्ही शाळेपासून वाचत आलो आहोत. एका अलीकडच्या लेखात मात्र तो काँकर्डला पोहोचलाच नाही, असे विधान आढळले. यातले खरे काय?

उत्तर : लेखातील विधान बरोबर आहे. रिव्हिअर काँकर्डला पोहोचला नाही आणि तो एकटाही नव्हता. बोस्टनमध्ये मागे राहिलेले देशभक्त पक्षाचे पुढारी डॉ. जोसेफ वॉरन यांनी त्या रात्री दोन माणसे दोन वाटांनी पाठवली. विल्यम डॉझ हा कातडी कमावण्याचा व्यवसाय करणारा तीस वर्षांचा तरुण खुष्कीच्या मार्गाने, म्हणजे बोस्टनला मुख्य भूमीशी जोडणाऱ्या अरुंद पट्टीवरील ब्रिटिश पहाऱ्यातून, रॉक्सबरी व केंब्रिजमार्गे निघाला. चाळीस वर्षांचा रिव्हिअर, जो पेशाने चांदीकाम करणारा कारागीर होता, चार्ल्स नदीच्या वाटेने गेला. एक पकडला गेला तर दुसरा पोहोचावा, एवढा सरळ हिशेब त्यामागे होता.

रिव्हिअरला दोन मित्रांनी होडीतून पलीकडे चार्ल्सटाउनला नेले. नदीत सॉमरसेट ही ब्रिटिशांची मोठी युद्धनौका नांगरून उभी होती. भरतीला नुकती सुरुवात झाली होती आणि चंद्र उगवत होता, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. खगोलशास्त्रज्ञांनी अलीकडे त्या रात्रीच्या चंद्राची स्थिती काढली, तेव्हा तो नेहमीपेक्षा बराच दक्षिणेकडे आणि क्षितिजालगत होता असे दिसून आले. त्यामुळे जहाजावरील पहारेकऱ्यांच्या दृष्टीने होडी चंद्रप्रकाशाच्या पट्ट्याबाहेर राहिली असावी, हा त्यांचा निष्कर्ष मला पटण्याजोगा वाटतो.

चार्ल्सटाउनला डीकन लार्किन यांचा घोडा घेऊन तो अकराच्या सुमारास निघाला. वाटेत दोन ब्रिटिश अधिकारी आडवे आले. त्यांना हुलकावणी देऊन त्याने केंब्रिजचा सरळ रस्ता सोडला आणि मेडफर्डमार्गे वळसा घेतला. मेडफर्डमध्ये त्याने तिथल्या मिनिटमेन, म्हणजे हाक येताच मिनिटभरात सज्ज होणाऱ्या नागरिक-सैनिकांच्या, तुकडीच्या कॅप्टनला उठवले आणि तेथून लेक्सिंग्टनपर्यंत वाटेतले जवळजवळ प्रत्येक घर जागे केले. मध्यरात्रीच्या सुमारास तो लेक्सिंग्टनला पाद्री जोनास क्लार्क यांच्या घरी पोहोचला. तेथे सॅम्युएल अ‍ॅडम्स आणि जॉन हॅनकॉक हे दोन पुढारी मुक्कामाला होते. अर्ध्या तासाने डॉझही येऊन मिळाला.

आता काँकर्डचा भाग. दोघे पुढे निघाल्यावर त्यांना डॉ. सॅम्युएल प्रेस्कट हा काँकर्डचा तरुण वैद्य भेटला. आपल्या वाग्दत्त वधूला भेटून तो रात्री एकच्या सुमारास घरी परतत होता. तो स्वातंत्र्यवाद्यांच्या पक्षाचा असल्याचे कळल्यावर तिघे मिळून घरोघर वर्दी देत चालले. लिंकन गावाच्या हद्दीत ब्रिटिश गस्तीने त्यांना गाठले. प्रेस्कटने दगडी कुंपणावरून घोडा उडवला आणि ओळखीच्या आडवाटांनी तो काँकर्डला पोहोचला. डॉझ निसटला, पण त्याचा घोडा गेला आणि त्याला पायी मागे फिरावे लागले. रिव्हिअर पकडला गेला. म्हणजे काँकर्डला निरोप नेला तो ज्याला कोणी पाठवलेच नव्हते, त्या प्रेस्कटने. त्याचा भाऊ एबल याने तो पुढे सडबरी आणि फ्रेमिंगहॅमकडे पोहोचवला.

मग एकट्या रिव्हिअरचे नाव कसे राहिले? हेन्री वॉड्सवर्थ लाँगफेलो यांनी १८६० मध्ये त्याच्यावर एक दीर्घ कविता लिहिली आणि ती जानेवारी १८६१ च्या ‘अटलांटिक मंथली’ मासिकात प्रसिद्ध झाली. देश तेव्हा यादवी युद्धाच्या उंबरठ्यावर होता आणि कवीला एका सामान्य नागरिकाने राष्ट्राला दिलेली हाक हवी होती. कवितेत डॉझ नाही, प्रेस्कट नाही आणि रिव्हिअर थेट काँकर्डच्या पुलापर्यंत जातो. कवीला तेवढी मोकळीक असते. पण पुढच्या कित्येक पिढ्यांची क्रमिक पुस्तके त्या कवितेलाच साधन मानून लिहिली गेली आणि खुद्द रिव्हिअरने लिहून ठेवलेली हकिकत मागे पडली. ती हकिकत १७९८ च्या सुमारास त्याने मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीचे जेरेमी बेल्कनॅप यांना पत्ररूपाने दिली होती आणि तीत दोघाही साथीदारांचा उल्लेख आहे.

प्रश्न : चर्चच्या मनोऱ्यावर टांगलेल्या कंदिलांचा इशारा रिव्हिअरसाठी होता ना? पलीकडच्या तीरावर तो त्याची वाट पाहत उभा होता, असे वाचल्याचे आठवते.

उत्तर : हा समजही त्याच कवितेतून आला आहे. प्रत्यक्षात इशारा रिव्हिअरसाठी नव्हता, त्याने स्वतःच तो ठरवून दिला होता. १६ एप्रिलला, रविवारी, तो लेक्सिंग्टनला जाऊन अ‍ॅडम्स व हॅनकॉक यांना सावध करून आला होता. परतताना चार्ल्सटाउनमध्ये त्याने कर्नल कोनंट यांच्याशी संकेत ठरवला की, फौज पाण्यावरून निघाली तर नॉर्थ चर्चच्या मनोऱ्यात दोन कंदील दिसतील आणि खुष्कीने निघाली तर एक. पाण्यावरून म्हणजे समुद्रावरून नव्हे, चार्ल्स नदी ओलांडून. बोस्टनच्या वेशी बंद झाल्या आणि कोणालाच बाहेर पडता आले नाही, तरी निरोप नदीपलीकडे पोहोचावा, यासाठी ही तजवीज होती. मनोरा शहरात सर्वांत उंच असल्यामुळे तो पलीकडून दिसत असे.

चर्चचा सेवक रॉबर्ट न्यूमन आणि चर्चच्या व्यवस्थेतले कॅप्टन जॉन पुलिंग यांनी दोन कंदील क्षणभर दाखवले. ब्रिटिशांच्या नजरेस पडू नयेत म्हणून ते तेवढाच वेळ ठेवणे भाग होते. रिव्हिअर पलीकडे उतरला तेव्हा चार्ल्सटाउनच्या मंडळींनी ते आधीच पाहिलेले होते.

प्रश्न : ‘ब्रिटिश आले, ब्रिटिश आले’ असे ओरडत तो गेला, हे तरी खरे का?

उत्तर : तसे ओरडण्यात अर्थ नव्हता, कारण ज्यांना तो उठवत होता ते स्वतःला ब्रिटिश प्रजाजनच मानत होते. स्वातंत्र्याची घोषणा व्हायला अजून वर्षाहून अधिक काळ होता. शिवाय रस्त्यावर गस्त होती आणि आरोळ्या ठोकणे म्हणजे आपणहून पकडले जाणे. क्लार्क यांच्या दाराशी मात्र त्याचा आवाज चढला होता. पहाऱ्यावरील सार्जंट मन्रो यांनी घरातली मंडळी झोपली आहेत, गलबला करू नका, असे सांगितल्यावर तो म्हणाला की, गलबला तर थोड्याच वेळात भरपूर होईल, खडी फौज बाहेर पडली आहे.

प्रश्न : ब्रिटिश सेनापती जनरल गेज यांनी मोहीम गुप्त ठेवली होती आणि रस्त्यांवर गस्तही ठेवली होती. तरीही बातमी फौजेच्या पुढे कशी गेली? दोन-तीन घोडेस्वारांना एवढे मोठे काम साधणे अशक्य वाटते.

उत्तर : आपली शंका रास्त आहे आणि या साऱ्या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा तिच्यातच आहे. दोन-तीन स्वारांना ते साधले नसतेच. त्यांनी चालू केली ती यंत्रणा आधीच्या सात-आठ महिन्यांत उभी राहिली होती.

१ सप्टेंबर १७७४ रोजी गेज यांनी बोस्टनजवळच्या कोठारातली बंदुकीची दारू पहाटे अचानक हलवली. गोळीबार झाल्याची, माणसे मेल्याची खोटी अफवा उठली आणि हजारो लोक हत्यारे घेऊन केंब्रिजकडे धावले. त्या दिवशी रक्त सांडले नाही, पण बातमी उशिरा आणि विपर्यस्त पोहोचते, हा धडा वसाहतकऱ्यांनी घेतला. त्यानंतर गावोगावच्या समित्यांनी कोणी कोणाला उठवायचे, कोणता स्वार कोणत्या गावाला जायचा, घंटा केव्हा वाजवायची, हे ठरवून ठेवले. बोस्टनमध्ये रिव्हिअरसह सुमारे तीस कारागिरांचा एक गट ब्रिटिश फौजेच्या हालचालींवर नजर ठेवत असे आणि आळीपाळीने रात्री गस्त घालत असे. त्यांची बैठक ग्रीन ड्रॅगन या खानावळीत भरे. रिव्हिअरच्या हकिकतीप्रमाणे त्यांच्यातही फितूर होता आणि बैठकीतल्या गोष्टी गेज यांच्यापर्यंत जात होत्या, तेव्हा या मंडळींना निष्णात गुप्तहेर समजण्याचे कारण नाही.

या व्यवस्थेची रंगीत तालीम डिसेंबरमध्ये झाली. १३ डिसेंबर १७७४ रोजी रिव्हिअर बर्फाळ रस्त्याने न्यू हॅम्पशरमधील पोर्ट्समथला गेला आणि तिथल्या किल्ल्यावर ब्रिटिश कुमक येत असल्याची खबर त्याने दिली. दुसऱ्याच दिवशी सुमारे चारशे माणसांनी विल्यम अँड मेरी या किल्ल्यावर चाल करून बंदुकीच्या दारूची शंभराच्या आसपास पिंपे उचलून नेली. किल्ल्यात कॅप्टन कॉक्रन आणि त्यांचे पाच शिपाई एवढीच शिबंदी होती. १८ एप्रिलच्या स्वारीला जेवढी कीर्ती मिळाली, तिच्या शतांशही या स्वारीला मिळाली नाही, हे मला अन्यायाचे वाटते. अंतर तिप्पट होते, हवा वाईट होती आणि परिणाम तत्काळ झाला.

गस्तीविषयी म्हणाल तर ती गेज यांच्यावरच उलटली. निरोप्यांना अडवण्यासाठी १८ तारखेला दुपारीच मेजर मिचेल यांच्या हाताखाली घोड्यावरचे अधिकारी पाठवले होते. ब्रिटिश अधिकारी संध्याकाळी फेरफटका मारून बोस्टनला परतत असत. हे अंधार पडल्यावरही पुढेच जात राहिले आणि लांब कोटांखाली त्यांची हत्यारे होती. लोकांना संशय आला आणि लेक्सिंग्टनमध्ये क्लार्क यांच्या घराभोवती पहारा बसला तो रिव्हिअर पोहोचण्याच्या आधीच. पकडलेल्या रिव्हिअरने कानशिलाला पिस्तूल लावलेले असतानाही मिचेल यांना सांगितले की, तुमच्या होड्या गाळात रुतल्या आहेत, मी सगळीकडे वर्दी दिली आहे आणि थोड्याच वेळात येथे पाचशे माणसे जमतील. लेक्सिंग्टनच्या दिशेने बंदुकांचे आवाज आल्यावर मिचेल यांनाही ते खरे वाटले. आपल्या फौजेला सावध करण्याच्या घाईत त्यांनी रिव्हिअरला सोडून दिले, मात्र घोडा एका सार्जंटसाठी ठेवून घेतला. डीकन लार्किन यांचा घोडा असा सरकारजमा झाला.

तिकडे मूळ फौजेची रखडपट्टी चालू होती. लेफ्टनंट कर्नल फ्रान्सिस स्मिथ यांच्या हाताखालचे सुमारे सातशे शिपाई होड्यांतून केंब्रिजच्या दलदलीत उतरले आणि दोन वाजेपर्यंत भिजलेल्या अवस्थेत शिधा मिळण्याची वाट पाहत थांबले. ते चालू लागले तेव्हा घंटा आणि इशाऱ्याच्या बंदुका त्यांना स्वतःलाच ऐकू येत होत्या. पहाटे लेक्सिंग्टनच्या पटांगणावर कॅप्टन जॉन पार्कर यांची सत्तर-ऐंशी माणसे उभी होती. त्यांपैकी आठ मारली गेली. मात्र काँकर्डहून परतीच्या वाटेवर चित्र पालटले. चहूकडच्या गावांतून तुकड्या येत राहिल्या, दिवस मावळेपर्यंत साडेतीन-चार हजार माणसे लढाईत उतरली आणि ब्रिटिशांचे ७३ जण ठार, १७४ जखमी व २६ बेपत्ता झाले. दूरदूरच्या गावांतील तुकड्या दुपारपर्यंत रस्त्यावर हजर झाल्या, त्याअर्थी निरोप एका स्वाराकडून दुसऱ्याकडे पहाटेपूर्वीच गेलेला असला पाहिजे. त्यांतल्या बहुतेक स्वारांची नावे आज फक्त त्या-त्या गावाच्या इतिहासात सापडतात.

आणखी एक गोष्ट येथेच सांगतो. अ‍ॅडम्स व हॅनकॉक यांना पकडायला फौज येत आहे, असे वॉरन यांना वाटत होते आणि रिव्हिअरला लेक्सिंग्टनला धाडण्याचे मुख्य कारण तेच होते. गेज यांनी स्मिथ यांना दिलेल्या लेखी हुकमात मात्र अटकेचा शब्दही नाही. तो हुकूम काँकर्ड येथील तोफा, दारूगोळा आणि शिधासामग्री नष्ट करण्याचा होता. तीही सामग्री आधीच्या इशाऱ्यांमुळे बरीचशी हलवून झालेली होती.

प्रश्न : मॅसॅच्युसेट्सबाहेरच्या वसाहतींना ही बातमी कधी आणि कशी कळली?

उत्तर : १९ एप्रिलच्या सकाळी दहाच्या सुमारास वॉटरटाउन येथे जोसेफ पामर यांनी एक छोटे पत्र लिहिले. लेक्सिंग्टनला फौजेने चिथावणीवाचून गोळीबार केला, सहा माणसे मारली, चार जखमी केली आणि बोस्टनहून सुमारे हजार माणसांची आणखी एक ब्रिगेड निघाली आहे, एवढाच त्यातला मजकूर. मृतांचा आकडा चुकीचा होता, कारण लढाई संपायच्या आतच स्वार निघाला होता. पत्र नेणाऱ्याचे नाव त्यात इझ्रायल बिसेल असे आहे, आणि त्याला ताजे घोडे पुरवावेत अशी विनंतीही आहे.

बिसेलने एकट्याने फिलाडेल्फियापर्यंत पाच-सहा दिवस घोडा फेकला, ही कथा अलीकडे रिव्हिअरला शह देण्यासाठी हौसेने सांगितली जाते. एका अतिशयोक्त नायकाच्या जागी दुसरा बसवण्याचा हा प्रकार आहे. पत्रातच त्याला कनेक्टिकटपर्यंत वर्दी देण्यास सांगितले आहे, त्यापुढे नाही. शिवाय बिसेलचे पहिले नाव आयझॅक असावे, असे काही संशोधकांचे मत आहे. प्रत्यक्षात गावोगावच्या समित्यांनी पत्राच्या नकला केल्या, ती कधी मिळाली याची वेळ टाकून सह्या केल्या आणि नवा स्वार पुढे रवाना केला. वूस्टर, नॉर्विच, न्यू लंडन, न्यू हेवन अशा क्रमाने ते पत्र २३ एप्रिलला न्यूयॉर्कला आणि २४ एप्रिलला फिलाडेल्फियाला पोहोचले. त्या काळच्या रस्त्यांवर पाच दिवसांत एवढी मजल झाली ती या नकलांमुळे. समित्यांच्या नोंदींमुळे आपल्याला तिचा माग जवळजवळ तासागणिक काढता येतो.

प्रश्न : अशा स्वारांमध्ये स्त्रिया होत्या का? आणि रिव्हिअरनंतर युद्धाच्या पुढच्या काळात कोणी अशी कामगिरी केली का?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते निःसंशय होकारार्थी आहे. जून १७८१ मध्ये व्हर्जिनियात लॉर्ड कॉर्नवॉलिस यांनी (तेच, जे पुढे १७८६ मध्ये हिंदुस्थानचे गव्हर्नर जनरल झाले) लेफ्टनंट कर्नल बॅनास्टर टार्ल्टन यांना सुमारे अडीचशे स्वारांसह शार्लट्सव्हिलवर पाठवले. तेथे व्हर्जिनियाचे कायदेमंडळ आश्रयाला होते, आणि शेजारच्या टेकडीवर माँटिसेलो येथे टॉमस जेफरसन राहत होते. ३ जूनच्या रात्री लुइसा परगण्यातील ककू टॅव्हर्न या खानावळीजवळ जॅक जुएट या मिलिशियाच्या, म्हणजे स्थानिक नागरी सेनेच्या, सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या कॅप्टनने हे स्वार पाहिले आणि त्यांचा रोख ओळखला. हमरस्ता टार्ल्टनच्या ताब्यात असल्यामुळे तो आडरानातून सुमारे चाळीस मैल, म्हणजे ६४ किलोमीटर, रात्रीत दौडला. सूर्योदयापूर्वी त्याने माँटिसेलोला वर्दी दिली आणि मग शार्लट्सव्हिल गाठले. बहुतेक सभासद ब्लू रिज डोंगरापलीकडे स्टाँटनला निसटले, सात जण टार्ल्टनच्या हाती लागले. जेफरसन मात्र घाई न करता आवराआवर करत राहिले आणि शत्रूचे स्वार टेकडी चढत असताना अगदी थोडक्यात बचावले. कायदेमंडळाने त्याच महिन्यात जुएटला पिस्तुलांची जोडी आणि तलवार देण्याचा ठराव केला. तलवार प्रत्यक्ष हाती पडायला बरीच वर्षे गेली.

कठीणपणाचाच निकष लावायचा तर माझ्या मते जुएटची दौड रिव्हिअरपेक्षा सरस ठरते. फक्त त्याला लाँगफेलोसारखा कवी मिळाला नाही.

स्त्रियांपैकी सिबिल लडिंग्टन हे नाव नेहमी घेतले जाते. २६ एप्रिल १७७७ रोजी ब्रिटिशांनी कनेक्टिकटमधील डॅनबरी जाळले, तेव्हा न्यूयॉर्कमधील मिलिशियाचे कर्नल हेन्री लडिंग्टन यांची ही सोळा वर्षांची मुलगी पावसात चाळीस मैल घोडा फेकत वडिलांच्या माणसांना गोळा करून आली, अशी ती कथा. १९६१ मध्ये कार्मेल येथे तिचा अश्वारूढ पुतळा उभारला गेला आणि १९७५ मध्ये तिच्या नावे टपाल तिकीटही निघाले. परंतु या दौडीचा छापील उल्लेख प्रथम १८८० मध्ये, म्हणजे घटनेनंतर शंभराहून अधिक वर्षांनी, येतो. समकालीन कागदांत तिचा पुरावा मिळालेला नाही. कर्नल होते, रेजिमेंट होती, डॅनबरी जळाले आणि सिबिलही होती, एवढे पक्के आहे. दौड कुटुंबात सांगितली गेलेली आठवण आहे, आणि तिला तेवढाच दर्जा द्यावा.

प्रश्न : या स्वारांना मोबदला मिळत असे, की हे सारे स्वयंसेवेचे काम होते?

उत्तर : दोन्ही. १८ एप्रिलच्या रात्रीसाठी रिव्हिअरने पैसे मागितल्याचे दिसत नाही. मात्र २१ एप्रिलपासून ७ मेपर्यंत त्याने सुरक्षा समितीसाठी निरोप्याचे काम केले. त्याचे १७ दिवसांचे देयक त्याने दिवसाला ५ शिलिंग या दराने सादर केले आणि त्याशिवाय काही छपाईचा खर्चही लावला. वसाहतीच्या प्रतिनिधिगृहाने देयक मंजूर केले, पण दर ५ वरून ४ शिलिंगवर आणला. हे देयक आजही जपून ठेवलेले आहे.